खेळणारं अंग

चाकणच्या एका कंपनीत मी व्हिज्युअल इन्स्पेक्शनच्या टेबलावर काम करते. डोक्यावर पांढरा लख्ख उजेड, समोर ट्रे, ट्रेमध्ये इंजिनात बसणारे ॲल्युमिनियमचे भाग. एकेक उचलायचा, उजेडाला तिरका धरायचा, कडेवरून बोट फिरवायचं. धातूची बर राहिलीय का, डेंट आहे का, ओरखडा आहे का. मग भोकात प्लग गेज घालायचा. त्याचं एक टोक सहज आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बरोबर असेल तर हिरवा ट्रे, सुधारता येण्यासारखं असेल तर पिवळा, नाहीतर लाल. एका भागाला काही सेकंद मिळतात. ही नजर तयार व्हायला वर्षं लागतात आणि मला तिचा अभिमान आहे, कारण माझ्या हातून वाईट माल पुढे गेला तर रस्त्यावर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

तीच नजर वाढत्या वयाच्या मुलींवर फिरताना दिसते तेव्हा मात्र पोटात कालवतं.

सेकंड शिफ्ट असली की सकाळी, आणि रविवारी, मी मोशीत मुलींना फुटबॉल शिकवते. कॉलेजात असताना मी खेळायचे. पुढे लग्न, नोकरी, शिफ्ट यांत खेळ सुटला, शिकवणं धरून ठेवलं. या मुलींचे आईबाप बीड, लातूर, बुलढाणा, जळगाव इथून भोसरी-चाकणच्या कंपन्यांमागे आलेले. त्यांतली एक डाव्या बगलेने पळते. चेंडू पायात आला की समोरच्या दोघी मागे पडल्याच म्हणून समजा. मध्यंतरी तिची आई मैदानावर आली. पॅकिंगला कंत्राटी कामगार, घाईत होती. मुलीच्या देखत मला म्हणाली, "ताई, पोरीचं अंग पुरुषी व्हायलंय. मांड्या बघा की हिच्या. अन् उन्हानं काळी बी पडली. उद्या स्थळं यायला लागली की म्या काय सांगू?" मुलगी शेजारीच उभी होती. तिने चड्डीचं टोक खाली ओढलं, मोजे गुडघ्यापर्यंत वर घेतले, आणि उरलेल्या सरावात एकदाही चेंडू तिच्या पायाशी थांबला नाही.

ही आई वाईट नाही. तिला जगाचा अनुभव आहे आणि त्या अनुभवातून ती बोलते. पण तिने विचारलेला प्रश्न फार जुना आहे, आणि मी जिथे राहते तिथे तो टाळता येत नाही. मोशी देहू आणि आळंदीच्या मधोमध आहे. माझे वडील, आप्पा, आकुर्डीच्या कारखान्यात नोकरीला होते आणि हयातभर वारकरी. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा आमच्या घरात दिंडीतल्या माणसांच्या पंगती उठायच्या. देह म्हणजे काय, त्याचं करायचं काय, हे शब्द मी पाटीवर अक्षरं गिरवण्याआधी ऐकलेत. म्हणून त्या मुलीला काय सांगायचं, हा माझ्यापुरता फुटबॉलच्या कोचने सोडवायचा प्रश्न राहत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे.

तयार उत्तरं दोन आहेत. पहिलं कीर्तनात मिळतं: देह नाशिवंत, तू देह नाहीस, आत्मा आहेस, मग मांड्या जाड की बारीक याचं दुःख कशाला? हे उत्तर थोर आहे आणि त्याने पुष्कळांना मरणाच्या दारात धीर दिलाय. आजी गेली तेव्हा आप्पांना दिलेला मी पाहिलाय. तरी त्या मुलीला ते देताना माझी जीभ अडखळते. एक तर हे उत्तर मुलींना फार लवकर दिलं जातं. मुलगी पाहताना त्याच घरात आत्म्याची चौकशी कुणी करत नाही. उंची, रंग, वजन विचारलं जातं. जो विठोबा काळाच आहे, ज्याच्या सावळेपणाचं कौतुक अभंगांत आहे, त्याच्या तसबिरीखाली बसून मुलगी सावळी म्हणून नाकारली जाते. दुसरं कारण मैदानातलं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

उंचावरून आलेला चेंडू पायाने उतरवून घेणं पाहिलंय? नवी मुलगी पाय ताठ धरते, चेंडू तिच्या नडगीवर आदळून चार हात लांब जातो. सहा महिन्यांनी तीच मुलगी चेंडू येताना पाय किंचित वर नेते आणि चेंडू टेकायच्या क्षणी घोटा सैल सोडून पाय मागे घेते, अगदी बोटभर. चेंडू तिथेच थांबतो. हे कसं केलंस विचारलं तर तिला सांगता येत नाही. शिकवणाऱ्यालाही फारसं सांगता येत नाही, पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. गीतेच्या तेराव्या अध्यायात देह वेगळा आणि देहाला जाणणारा वेगळा असं सांगितलंय, आणि ज्ञानदेवांनी त्यावर केवढा विस्तार केलाय. मी त्या अध्यायापुढे हात जोडते. पण मैदानाच्या कडेला उभी राहून पाहते तेव्हा मला जाणणारा घोट्यातच दिसतो. त्या क्षणी त्या मुलीत पाहणारी एक आणि पाय दुसरा अशी फाळणी नसते. सगळी मुलगी घोट्यात उतरलेली असते.

आणि आई मांड्यांबद्दल बोलली त्या सकाळी जे बिघडलं ते नेमकं हेच. ती मुलगी घोट्यातून बाहेर आली, कुंपणापाशी जाऊन उभी राहिली आणि तिथून स्वतःकडे पाहू लागली. चेंडू कसा थांबणार? माझ्या एका प्राध्यापक मैत्रिणीने मला आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन तत्त्वचिंतक बाईंच्या १९८० सालच्या निबंधाबद्दल सांगितलं. मुली चेंडू फेकताना सगळं अंग का झोकून देत नाहीत, नुसता हातच का हलवतात, हा त्यांचा प्रश्न. स्नायूंत काही कमी असतं म्हणून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मुलीला आपलं अंग हे करणारंही वाटतं आणि पाहिली जाणारी वस्तूही वाटते, आणि या ओढाताणीत अर्धं अंग मागे राहतं. हे ऐकताना मला मोशीचं मैदान डोळ्यांपुढे आलं. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात कुणीतरी इतक्या साध्या गोष्टीची दखल घेतली याचा मला फार आनंद झाला.

म्हणजे 'तू देह नाहीस' हे उत्तर त्या मुलीला आणखीच बाहेर ढकलतं. ती आधीच स्वतःच्या अंगाबाहेर उभी आहे. तिला परत आत यायचंय.

दुसरं उत्तर मोबाइलवर मिळतं, जाहिरातीत मिळतं, शाळेत भाषण द्यायला आलेले पाहुणेही देतात: तू आहेस तशी सुंदर आहेस. यामागची माया खरी असते. पण ही मुलंमुली रीलमध्ये काय पाहतात ते मी पाहिलंय. दोन मांड्यांमध्ये फट दिसली पाहिजे, यासाठी आमच्या दोघी मुली दुपारचा डबा परत नेत होत्या. सरावाला येऊन भोवळ आल्यावर ते कळलं. खेळणाऱ्या मुलीने खर्चाच्या मानाने कमी खाल्लं की पाळी थांबते, हाडं कच्ची होतात, दुखापती भरत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४मध्ये या सगळ्याला एकत्र नाव देऊन क्रीडावैद्यकांना सावध केलं. अशा मुलीला 'तू सुंदर आहेस' म्हणणं म्हणजे तिला टेबलावरच ठेवून लाल ट्रेमधून उचलून हिरव्या ट्रेमध्ये टाकणं. हिरवा असला तरी तो ट्रेच. तपासणारा उद्या बदलला की रंगही बदलेल. तिला त्या टेबलावरून खाली उतरवायचंय.

हे टेबल एकट्या मोशीतलं नाही. इंग्लंडमध्ये प्रेस्टन गावात डिक, कर नावाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले, बायका दारूगोळा करायला कारखान्यात आल्या आणि १९१७मध्ये त्यांनी फुटबॉलचा संघ काढला. आमच्या चाकणच्या लाइनवर ओव्हरऑल घालून उभ्या असलेल्या पोरी पाहते तेव्हा मला त्या आठवतात. १९२०च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार माणसं आली. वर्षही झालं नाही तोच, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांसाठी योग्य नाही असं ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलने १९४१मध्ये स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ म्हणून कायद्यानेच दार लावलं, ते १९७९मध्ये उघडलं. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५मध्ये बंदी घातली त्याची कारणं तर मी आप्पांना वाचून दाखवली. चेंडूसाठीच्या झटापटीत बाईचं लावण्य नाहीसं होतं, तिच्या शरीराची आणि आत्म्याची हानी होते, आणि अंगप्रदर्शनाने मर्यादेचा भंग होतो, असा त्याचा आशय. आप्पा म्हणाले, "आत्म्याची हानी? फुटबॉलनं?" आत्म्याला शस्त्र तोडत नाही, अग्नी जाळत नाही हे ज्यांनी जन्मभर म्हटलं त्यांना हे कळेना.

मग वारं फिरलं. १० जुलै १९९९ला अमेरिकेच्या ब्रँडी चेस्टेनने चीनविरुद्ध विश्वचषक जिंकून देणारी पेनल्टी मारली आणि आनंदाने अंगातला शर्ट काढून गुडघ्यांवर बसली. पुरुष खेळाडू हे नेहमी करतात. तिच्याबद्दल मात्र महिनोन्‌महिने चर्चा झाली, अंगावर काय उरलं होतं याची. पाचच वर्षांनी, २००४मध्ये, जागतिक फुटबॉलचे प्रमुख सेप ब्लाटर यांनी सुचवलं की बायकांनी आणखी तंग चड्ड्या घालाव्यात, म्हणजे खेळ लोकप्रिय होईल. १९५५मध्ये अंग झाका म्हणणारे आणि २००४मध्ये दाखवा म्हणणारे यांच्यात मला फरक दिसत नाही. दोघांनाही चेंडू दिसलेला नाही.

आपल्या संतस्त्रियांना हे सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते जर्मनीच्या कितीतरी शतकं आधी सांगून ठेवलंय. मंगळवेढ्याची कान्होपात्रा इतकी देखणी की बीदरच्या बादशहाने तिला बोलावणं धाडलं. तिने पंढरपूर गाठलं आणि कथा सांगते की विठोबाच्या पायांशी देह ठेवला. आप्पांच्या तोंडून ही कथा ऐकताना लहानपणी मला देवाचा महिमा जाणवायचा. आता तिची कोंडी जाणवते. हिरव्या ट्रेमधली बाईही सुटत नाही. चोखोबांची सोयराबाई विटाळाबद्दल बोलते तेव्हा ती देहाला नाकारत नाही. विटाळ म्हणाल तर तो देहाच्या जन्मातच आहे, मग देह धरलेला कोण सोवळा, असा थेट सवाल करते. जातीचा विटाळ आणि बाईच्या अंगाचा विटाळ दोन्ही तिला सोसावे लागले होते. आणि देहूला येऊन राहिलेली बहिणाबाई, तुकोबांना गुरू मानणारी, नवऱ्याचा मार खाल्लेली बहिणाबाई विचारते की वेद-पुराणं बाईच्या जन्माला असं हीन म्हणतात तर या देहाने मला परमार्थ साधायचा कसा. पुरुष संतांच्या वाणीत बाईच्या देहाबद्दल जे कठोर शब्द आहेत ते याच परंपरेत आहेत. माझं या परंपरेवर प्रेम आहे, म्हणूनच ते झाकावेत असं मला वाटत नाही. बहिणाबाईचा प्रश्न मोशीपासून हाकेच्या अंतरावर विचारला गेला आणि आजही तो उभाच आहे.

सोयराबाईची आठवण मला आमच्या संघाच्या चड्ड्यांवरून झाली. देणगीत आलेला गणवेश पांढऱ्या चड्डीचा होता. महिन्यातले काही दिवस मुली पोटदुखीचं कारण सांगून घरी राहायच्या, आलेल्या मुली चेंडूपेक्षा मागे वळून कपड्यांकडे जास्त पाहायच्या. २०२३मध्ये इंग्लंडच्या महिला संघाने खेळाडूंच्या सांगण्यावरून पांढरी चड्डी सोडून निळी घेतली. जगज्जेतेपदासाठी लढणाऱ्या बायकांनाही तीच धास्ती होती. आम्ही काळ्या चड्ड्या शिवून घेतल्या. दुसऱ्याच आठवड्यात हजेरी वाढली. 

यानंतर तिसरं उत्तर उरतं, आणि ते मलाही बरीच वर्षं पुरेसं वाटायचं: अंग दिसायला कसं आहे ते सोडा, अंगात ताकद किती आहे ते बघा. मांड्या जाड झाल्या म्हणून तर ती तशी पळते. हे खरंच आहे. पण मी कारखान्यात काम करते. अंग कामाला किती येतं या मापानेच जिथे माणूस मोजला जातो अशा ठिकाणी माझा दिवस जातो. तिथे अंगाला मॅनपॉवर म्हणतात. आणि ज्या बीड जिल्ह्यातून त्या मुलीची आई आली तिथे हे माप कुठवर गेलं ते २०१९मध्ये देशाने वाचलं. ऊसतोडीला जोडप्याची मिळून एक कोयता म्हणून उचल होते, एक दिवस चुकला तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीचे, आजारपणाचे खाडे नकोत म्हणून ऐन तिशीतल्या कितीतरी बायकांनी गर्भाशयं काढून टाकली होती. अंग उपयोगी पडावं एवढंच मोल असलं की उपयोगाला आड येणारा अवयव काढावा लागतो. ताकदीचं कौतुकही शेवटी इथवर नेऊ शकतं.

ताकदीने नजर सुटत नाही याचा सगळ्यांत मोठा दाखला म्हणजे झांबियाची बार्ब्रा बांडा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने लागोपाठ दोन सामन्यांत हॅट्‌ट्रिक केली. नेदरलँड्सविरुद्ध एक, चीनविरुद्ध एक. उंच, रुंद खांद्यांची, वाऱ्यासारखी पळणारी बाई. पुढच्याच वर्षी, २०२२च्या आफ्रिकन स्पर्धेत, तिला संघाबाहेर राहावं लागलं, कारण शरीरातल्या संप्रेरकांचं प्रमाण ठरलेल्या निकषात बसेना. प्लग गेज भोकात गेला नाही, इतकंच मला त्यात दिसलं. २०२३च्या विश्वचषकात ती आली आणि स्पर्धेच्या इतिहासातला हजारावा गोल तिच्या नावावर लागला. २०२४मध्ये ऑर्लँडो प्राइडला तिने अमेरिकेतल्या लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. अंतिम सामन्यातला एकुलता एक गोल तिचाच. त्याच वर्षी बीबीसीने वर्षातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून तिची निवड जाहीर केली, तेव्हा तिच्या बाईपणावर शंका घेणाऱ्यांनी गदारोळ केला. २०२५मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका सामन्यात प्रेक्षकांतून तिला शिवीगाळ झाली. कमी ताकदीची असती तर दुर्बळ म्हणाले असते. ताकद आहे तर बाईच नाही म्हणतात. तिने या लोकांशी वाद घालण्यात फारसा वेळ घालवल्याचं माझ्या वाचनात नाही. ती पुढचा सामना खेळते.

तिचे सामने मी मोबाइलवर पाहते आणि त्यात मला ताकदीपेक्षा वेगळंच काहीतरी दिसतं. चेंडू तिच्याकडे येण्याआधीचा जो क्षण असतो, खांदे सैल, नजर वर, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखी उत्सुकता असते. त्या क्षणात ती कुणासाठीही नसते. पाहणाऱ्यांसाठी नाही, मोजणाऱ्यांसाठी नाही.

यासाठी आपल्याकडे शब्द आहे आणि तो थेट ईश्वरासाठी वापरलेला आहे. ब्रह्मसूत्रांत एक शंका येते: ज्याला कशाचीच उणीव नाही त्या ईश्वराने जग कशासाठी निर्माण केलं? गरज म्हणावी तर तो पूर्ण. गरज नव्हती म्हणावं तर एवढा खटाटोप का? उत्तर एवढंच, की ती लीला आहे. शंकराचार्य भाष्यात उदाहरणं देतात: सगळं मिळालेला राजा काहीही साधायचं नसताना खेळतो, आपला श्वास कुठल्या हेतूशिवाय चालतो, तसं. म्हणजे सर्वांत श्रेष्ठ कर्म कोणतं याचं आपल्या दर्शनाने दिलेलं एक उत्तर खेळ हे आहे. गरजेतून, भीतीतून, पसंतीसाठी केलेलं काम त्याच्याखाली येतं. हे सूत्र किती वेळा प्रवचनात ऐकलं, पण ते अकरा जणींच्या अंगातून कसं दिसतं हे मैदानावर कळलं.

आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याखालून गाथा काढली आणि चेंडूफळीचे अभंग उघडून दाखवले. तुकोबांनी चेंडूफळीवर लिहिलंय, विटीदांडूवर, फुगडीवर, हमाम्यावर लिहिलंय. त्यातून अर्थ परमार्थाचा काढलाय हे खरं. तरी चेंडू कसा येतो, कसा झेलायचा हे ज्याने धुळीत खेळून पाहिलंय त्यालाच तसं लिहिता येतं, असं आप्पांचं मत, आणि मला ते पटतं. पालखीच्या मुक्कामावर साठीच्या बायका एकमेकींचे हात धरून फुगडी घालतात तेव्हा कुणाचं पोट सुटलंय, कुणाचा पदर कुठे गेलाय याची दखल कुणी घेत नाही. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या आयाआज्यांनाही घराची दारं लावून घेतल्यावर ही मोकळीक मिळत आली. मला सर्वांत जास्त आठवतं ते बेलवडीचं गोल रिंगण. तुकोबांच्या पालखीभोवती झेंडेकरी पळतात, विणेकरी पळतात, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका पळतात. चप्पल काढून, निऱ्या वर खोचून, एक हात वृंदावनाला, दुसरा हवेत. जाड्या, लुकड्या, काळ्या, सुरकुतलेल्या. हजारो माणसं पाहत असतात, पण त्या नजरेला काही तपासायचं नसतं. भरल्या मैदानात बाईने जीव खाऊन पळावं आणि तिच्या अंगाचा हिशेब कुणी मांडू नये, हे आपल्याच मातीत दर आषाढात घडतं. मुलींच्या आईबापांना मी म्हणते, तुम्हाला हे नवं नाही. रिंगणात चालतं ते मैदानात चालू द्या.

यावर एक आक्षेप मला माझ्याच एका मुलीने घेतला, आणि तो खरा आहे. ती म्हणाली, "ताई, मला नुसतं खेळायचं नाही, यावर पोट भरायचंय. मग ती लीला कशी?" तिला नोकरी हवी, करार हवा. २०२०च्या जानेवारीत मणिपूरच्या बाला देवीने ग्लासगोच्या रेंजर्सशी व्यावसायिक करार केला, तशी वाट तिला दिसते. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळची अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळून पुढे भारतीय महासंघाच्या ग्रासरूट विभागाची प्रमुख झाली, हे तिला तोंडपाठ आहे. आमच्या भागातली वाट मात्र अरुंद. पहिल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये एफसी पुणे सिटीचा महिलांचा संघ उतरला होता, २०१९मध्ये तो क्लबच बंद झाला. २०२२मध्ये महिलांचा आशिया चषक आमच्या दाराशी, बालेवाडीला आला, दोन्ही उपांत्य सामने तिथेच झाले. चीनने जपानला पेनल्टीवर हरवलं तो सामना आम्ही घराघरांत पाहिला. भारतीय मुली मात्र करोनाची लागण झाल्याने इराणशी एकच सामना खेळून स्पर्धेबाहेर गेल्या होत्या. पुढे जुलै २०२५मध्ये त्यांनीच थायलंडला त्यांच्या घरी २-१ हरवून पात्रता फेरीतून आशिया चषकात पहिल्यांदा जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

पैसे घेतले की खेळाचं काय होतं? वारकऱ्यांनी कीर्तनाबद्दल हा प्रश्न फार कडक सोडवलाय: जिथे कीर्तन करावं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये. आप्पा तो नियम पाळत आले. मी मुलीला तो लावणार नाही. तिच्या बापाकडे गावी चार एकर असती तर कदाचित लावला असता. सरावाचे तास, प्रवास, दुखापतीचा खर्च, गुडघ्यातला लिगामेंट तुटला तर हातातून जाणारं वर्ष, आणि मुलींमध्ये तो तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त, या सगळ्याची किंमत कुणीतरी द्यायलाच हवी, आणि पूर्ण द्यायला हवी. जर्मनीच्या बायकांनी १९८९मध्ये पहिल्यांदा युरोपचं अजिंक्यपद जिंकलं तेव्हा बक्षीस म्हणून त्यांना कॉफीच्या कपबश्या मिळाल्या होत्या. तसं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. पगार तिच्या वेळेचा आणि कौशल्याचा. तिचं अंग त्या करारात विकलेलं नसतं: ते कसं दिसावं, किती किलोचं असावं, फोटोत कुठल्या कोनातून यावं, हे ठरवण्याचा हक्क पैशाबरोबर जात नाही. आणि शिट्टी वाजल्यावर चेंडू तिच्याकडे येताना जे घडतं ते कुणाच्या खात्यावर जमा होत नाही, करार कितीचाही असो.

ज्या मुलीला खेळताच येत नाही तिचं काय, हेही मला विचारलंय. आमच्या गोलकीपरचा गुडघा गेला आणि ती वर्षभर बाहेर बसली. तिचं अंग तेव्हा सुंदर नव्हतं, उपयोगी नव्हतं, खेळतही नव्हतं. ती दर रविवारी यायची, कुबडी बाजूला ठेवून मुलींना ओरडून जागा सांगायची, आणि गोल झाला की बसल्या जागी दोन्ही हात वर. तिच्याबद्दल माझ्याकडे पक्कं तत्त्वज्ञान नाही. तिला संघातून कमी करायचं माझ्या मनात कधी आलं नाही, एवढं सांगू शकते.

डाव्या बगलेच्या मुलीला मी शेवटी देहाबद्दल काही सांगितलंच नाही. तिला रोज चार भाकरी आणि दोन अंडी खायला सांगितली, आणि तिच्या आईला बेलवडीच्या बायकांचं सांगितलं. आई ऐकून घेते, पटल्याचं म्हणत नाही. मुलगी येते आहे.

आता माझा झगडा एका खोलीसाठी चाललाय. मैदानाच्या कडेला मुलींना कपडे बदलायला जागा नाही. दोघी जणी ओढणी ताणून धरतात आणि तिसरी आत बदलते, आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक मोटारसायकल हळू होते. पत्र्याची चालेल. पालकांच्या सह्यांचा अर्ज तयार आहे. त्यात खोलीचं माप लिहिलंय, नळ आणि दिवा मागितलाय, संडास मागितलाय, आणि कडी आतल्या बाजूने हवी, हे वाक्य मी पेनाने अधोरेखित केलंय.